आरशावरचा अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — सोपं पडतं, एवढंच. याहून थोर कारण शोधू नका.

माझं काम चुका शोधण्याचं होतं. बडोद्याला, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या वस्तू घडवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसायचे. मशीनमधून निघालेला नग माझ्यासमोर यायचा आणि मी तो ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघायचे — ओरखडा आहे का, बुडबुडा आहे का, कडेला पापुद्रा सुटलाय का. सासूबाई म्हणायच्या, हिला तांदूळ निवडायला देऊ नका, तांदूळच उरायचे नाहीत. अशी मी. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसायची.

कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, प्लास्टिकचं काय मेलं एवढं? वितळवायचं आणि साच्यात दाबायचं, आपण मोदक करतो तसं. पहिल्याच आठवड्यात माझा तो तोरा उतरला. साच्याला तिथे सगळे मोल्ड म्हणायचे, जुने लोक डाय म्हणायचे. पोलादाचे दोन ठोकळे — उचलायला साखळीची कप्पी लागायची इतके जड — आणि मिटले की मधे केसही शिरू नये. त्यांच्या पोटात वस्तूच्या आकाराची पोकळी. तिच्यात तापलेला रस घुसतो, आतल्या नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यानं गार होतो, ठोकळे उघडतात, मागून बारीक खिळे पुढे येतात आणि नग अलगद ढकलून देतात. हा झाला साधा, दोन पाटांचा मोल्ड. तोच बघताना मी माझं टेबल विसरले होते.

मग तीन पाटांचा बघितला. तो दोन ठिकाणी उघडतो — एका फटीतून नग पडतात, दुसऱ्या फटीतून त्यांचे देठ. मेथी निवडल्यासारखं, आणि निवडणारं कुणी नाही! बाटलीच्या झाकणाला आतून आटे असतात ना? ते झाकण पोलादावरून सुटत कसं असेल, कधी विचार केलाय तुम्ही? मी केला नव्हता. त्या मोल्डमधे दातेरी चाकं असतात. ती गरागरा फिरतात आणि एकेका झाकणातून पोलादाचा गाभा आटे सोडवत मागे काढतात. दुसऱ्या एका मोल्डला बाजूचे तुकडे होते. बादलीच्या कानाची भोकं पाडायला ते आडवे आत शिरायचे आणि उघडताना आपापले मागे सरायचे, सासऱ्यांसमोर सुना सरतात तसे. एक होता त्याला फॅमिली मोल्ड म्हणत — डबा, त्याचं झाकण, त्याची कडी, सगळं एका दमात, एकाच फांदीला लटकलेलं बाहेर यायचं. देवळात मला कधी असं भरून आलं नाही. खोटं कशाला बोलू? आज खोटं न बोलायलाच बसले आहे.

आता विलासदादा.

विलासदादा आमच्या टूलरूमचा, म्हणजे मोल्ड बनवतात त्या खोलीचा, पॉलिशवाला. पाणीगेटला आमच्याच गल्लीत राहायचा. माझा नवरा कामाला होता ती गिरणी बंद पडली तेव्हा त्यानंच शेठना माझं नाव सांगितलं. "शेठ, हिची नजर बघा. माझी जबाबदारी," म्हणाला. त्याच्या शब्दावर मी लागले. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा हिशोब चुकणार नाही.

गरीब, साधा, मान खाली घालून राबणारा वगैरे असं काही मनात आणू नका. दादासारखा फुशारक्या मारणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. शर्ट कडक इस्त्रीचा, त्यावर ॲप्रन. आजोबा सरकारी पागेत होते, ते दिवसातून एकदा तरी निघायचंच. "आजोबा तलवार घासायचे, मी मोल्ड घासतो. रक्तातच चकाकी आहे ने आमच्या!" शेठसमोरसुद्धा बोलायला भ्यायचा नाही. पण काम? वस्तू काचेसारखी आरपार दिसायला हवी असेल तर मोल्डची पोकळी आरशासारखी लागते. दादा आधी दगडानं घासायचा, मग कागदानं, मग हिऱ्याच्या भुकटीचा मलम लाकडाच्या काडीला लावून. शेवटी नुसता कापूस. आठवडेच्या आठवडे. आणि एके दिवशी त्या पोलादात बघून केस विंचरायचा आणि ओरडायचा, "या रे, आरसा झाला! फुकट दाढी करून घ्या!"

इतकी वर्षं घासून घासून त्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. त्याचीही त्याला फुशारकी. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवून माझ्या टेबलावरच्या कागदावर दाबला. निळा डाग. नुसता डाग, एक रेष नाही. "बघ सुलभे, मी खून केला तरी पोलिसांच्या हाती काही लागायचं नाही!" आम्ही सगळे हसलो. मी जास्तच हसले.

एक नियम मात्र तो हसण्यावारी नेत नसे. आरसा झालेल्या पोलादाला उघडं बोट लावायचं नाही. देवानंसुद्धा नाही. माणसाच्या घामात खार असतो, त्यानं पोलाद गंजतं. आणि काही लोकांचा घाम तर फारच खारा. टूलरूममधे अशा माणसाला 'खारा हात' म्हणत. खारा हात निघाला की त्याला चकाकीच्या कामाजवळ कुणी उभं करत नसे. तो दोष नव्हता, रोग नव्हता — पण एकदा नाव पडलं की पडलं. सबंध वसाहतीत पसरायचं.

माझा हात खारा आहे.

लहानपणापासून आहे. माझ्या हातात सुई गंजायची. आई लोणच्याच्या बरणीला मला हात लावू द्यायची नाही. हे मी दादाला सांगितलं नाही, शेठनाही नाही. टेबलावर बसून प्लास्टिक तपासायचं, त्याला काय सांगायचं? तोपर्यंत ते खरंही होतं.

तो काळ नव्या नव्या कंपन्यांचे फ्रिज दुकानांत झळकायला लागल्याचा होता. तशाच एका कंपनीचं काम आमच्याकडे आलं — फ्रिजच्या दारात लोण्याचा कप्पा असतो, त्याचं आरपार झाकण. काच वाटली पाहिजे, अशी अट होती. शेठ हरखून गेले होते. हे जमलं तर पुढची कामं आपलीच, म्हणायचे. दादानं त्या मोल्डवर सगळा जीव ओतला. त्या दिवसांत त्याच्या फुशारक्यासुद्धा कमी झाल्या होत्या, यावरून काय ते समजा.

नवा मोल्ड मशीनवर चढवण्याआधी आमच्याकडे त्याची पूजा व्हायची. मोल्ड टेबलावर उघडा ठेवायचा, बाहेरच्या पाटावर कंकूचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायचा, अगरबत्ती ओवाळायची. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायचा, कारण पाण्याचा एक थेंबही पोलादावर उडायला नको. कंकू लावायचा मान शेठाणींचा. त्या दिवशी त्या गावाला गेल्या होत्या. शेठनी इकडेतिकडे बघितलं. शेडमधे सवाष्ण मी एकटी.

"बेन, तमे ज करो ने," शेठ म्हणाले. तुम्हीच करा म्हणून.

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! टेबलावरून उठून मी पहिल्यांदा मोल्डच्या इतक्या जवळ गेले. बाहेरच्या पाटावर साथिया काढला. मग सगळे नारळ घेऊन पायरीकडे गेले — दादाही — आणि पूजेचं ताट धरून मी एकटी आत राहिले.

आणि मी वाकून आत बघितलं.

कसं सांगू? आरसा म्हणतात, पण आपल्या घरातला आरसा मागे काहीतरी लपवल्यासारखा असतो. हे तसं नव्हतं. तिथे काही नव्हतंच. पोलाद कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं. त्या रिकामेपणात माझं तोंड होतं, कपाळावरचं कुंकू होतं, वरच्या पत्र्याच्या छपरातली भोकं होती, भोकांतला उजेड होता. एका माणसानं काडी आणि कापूस घेऊन हे केलं? माणसाच्या हातून असं होतं? हे पोलाद आहे की पाणी?

मी बोट पुसलं. पदराला नीट पुसलं — म्हणजे मला नियम आठवत होता. आणि उजवा अंगठा टेकवला.

गार होतं. पाण्याहून गार.

अंगठा उचलला तर तिथे श्वासासारखी पुसट वाफ. बघता बघता उडाली. उडाली असं मला वाटलं. बाहेर नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, दादा हात पुसत आत आला. तेव्हा मी एक वाक्य बोलायचं होतं. 'दादा, हात लागला.' बस. त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या, कापूस घेतला असता, निमिषात पुसून टाकलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या शेडला माझी नक्कल करून दाखवली असती. एवढंच झालं असतं. पण मी नुकतीच मानाची झाले होते ना? मी ताट पुढे केलं आणि त्याला प्रसाद दिला.

मोल्ड त्याच दिवशी मशीनवर चढायचा होता. पण मशीनचा तेलाचा पाइप फुटला आणि नवा पाइप यायला बरेच दिवस लागले. दादानं पोकळीवर गंज न चढण्याचा फवारा मारला, मोल्ड मिटला. फवाऱ्याखाली माझा अंगठा होता. हवा दमट होती. पोलाद आपलं काम करत राहिलं.

पाइप आला. पहिला शॉट, म्हणजे पहिला नग, निघाला तेव्हा फ्रिज कंपनीचे साहेब हजर होते, शेठ होते, दादा छाती काढून उभा होता. झाकण माझ्या टेबलावर आलं. मी ते ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं.

मधोमध अंगठा होता.

डाग नाही — अंगठा. रेष न् रेष. पोलादात गंजानं कोरलेली, प्लास्टिकवर उमटलेली. लहानपणी विळीवर कापलं होतं त्याची तिरपी खूणसुद्धा होती, सगळ्या रेषा छेदून गेलेली. दुसरं झाकण आलं, तिसरं आलं. सगळ्यांवर मी. मोल्ड किती इमानदार असतो! जे त्याला दिलं ते तो गाळत नाही, विसरत नाही, दर वेळी तसंच्या तसं परत करतो. खरं सांगते, त्या क्षणी भीतीच्याही आधी मला थक्क व्हायला झालं. याची लाज वाटते, पण झालं ते असं.

साहेबांनी झाकण हातात घेतलं, खाली ठेवलं आणि घड्याळ बघितलं. शेठचा चेहरा उतरला.

"आ कोनो अंगूठो छे, बेन?" हा अंगठा कुणाचा, म्हणून त्यांनी मला विचारलं. मला — कारण चुका मीच शोधायचे.

आता इथे मी बरीच वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आले. की मी गप्प राहिले. घाबरले, जीभ उचलली नाही, गप्प राहिले. गप्प राहणं हे पाप असलं तरी सोसण्यासारखं असतं, नाही का? पण मी गप्प राहिले नव्हते.

मी म्हणाले, "दादांचाच असणार. शेवटचा हात त्यांचाच असतो ना." आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाले, "हल्ली त्यांच्या हाताला घाम फार येतो."

इतकं सहज निघालं. जणू आधीपासून जिभेवर तयार होतं.

दादानं झाकण उचललं. उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघत राहिला. मी वाट बघत होते — आता हा हसेल, शिक्क्याची शाई मागवेल, अंगठा दाबून दाखवेल, 'बघा शेठ, माझ्याकडे रेषा आहेत कुठे?' म्हणेल. त्या माणसानं कधी एवढीशी बढाई वाया घालवली नव्हती, आणि ही तर बढाई नव्हतीच, खरं होतं. शेडमधे निम्म्या लोकांनी ती गंमत बघितली होती. कुणालाच कसं आठवलं नाही? की आठवलं, आणि आपण कशाला, म्हणून सगळे गप्प बसले?

त्यानं झाकणावरून नजर काढली ती माझ्या हातावर आणली. मी टेबलाची कड धरून उभी होते, उजवा अंगठा वर. विळीची खूण सगळ्या जगाला दिसेल अशी. मग तो शेठकडे वळला.

"हां शेठ. माझाच आहे. हात खारा झाला वाटतं आता."

एवढंच बोलला. आवाजात नेहमीची फोडणीही नव्हती.

साहेब निघून गेले. मोल्ड बाहेरच्या एका पॉलिशवाल्याकडे गेला, सावरला गेला, काम वाचलं. त्या मोल्डमधून पुढे कितीतरी वर्षं झाकणं निघाली आणि ती सगळी मीच तपासली. दादाला मात्र चकाकीच्या कामावरून काढून दगडानं घासायच्या भरड कामाला बसवलं. शेठ वाईट माणूस नव्हते. खाऱ्या हाताला आरशाजवळ कोण ठेवील? दादानं इतरत्र विचारून बघितलं, पण खारा हात त्याच्याआधीच तिथे पोचलेला असायचा. दिवाळीच्या आधी त्यानं नोकरी सोडली. मी तपासणीची मुख्य झाले.

गल्लीत भेटायचा. "काय सुलभे, मजेत ने?" म्हणायचा. मी "हो दादा" म्हणायचे आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

नवऱ्याचं काम गेलं होतं, घर माझ्यावर होतं, हे सगळं खरं आहे. पण ते त्या वेळी माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं ते एवढंच, की मला परत कुणी मोल्डजवळ जाऊ देणार नाही.

बरीच वर्षं गेली. आम्ही पाणीगेट सोडलं, मुलगी कॉलेजात जायला लागली. एकदा पाण्याची कळशी घ्यायला पाणीगेटच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात गेले, तर मागच्या खोलीतून मशीनची घरघर येत होती. दुकानदारानं हाक मारली आणि ताजी घासलेली कळशी घेऊन दादा बाहेर आला. केस पांढरे, शर्ट तसाच इस्त्रीचा. पोलादाचा आरसा करणारा माणूस भांडी चमकवत होता, आणि कळशी अशी चमकत होती की बाजूची सगळी भांडी धुतलेलीच नाहीत असं वाटावं.

त्यानं ती माझ्यापुढे धरली. मी पदर हातावर घेतला आणि पदरानं ती धरायला गेले. का? मलाच माहीत नाही. हात आपोआप गेला.

दादा हसला. अगदी जुनं, फुशारकीतलं हसू हसला.

"अगं, बिनधास्त धर ने! स्टील आहे. हे तुझ्या हातानं नाही गंजायचं."

दुकानात गिऱ्हाईकं होती. रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. माझ्या कानात दुसरं काही शिरेना. त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. टोचणी असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानं मला चिडवलं होतं, पूर्वी चिडवायचा तसं. म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दिवशी उजेडाकडे झाकण धरून बघितलं तेव्हापासून माहीत होतं. ज्या माणसाला साधी शिंकसुद्धा चारचौघांत सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, त्यानं हे एवढं मोठं इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मोल्ड मी कितीतरी प्रकारचे बघितले. असं काही बघितलं नाही.

तेव्हा तरी बोलायचं होतं. दुकानाचा उंबरा होता, तो समोर होता, वाक्य तेच होतं, फक्त जुनं झालेलं. मी पदर सोडला. कळशी उघड्या हातानं धरली. "येते हं दादा," म्हणाले.

"ये," तो म्हणाला आणि आत गेला. मशीन परत सुरू झालं.

तो अंगठा माझा होता.